बडोद्याचं स्पिटफायर आणि आजोबांची कीर्द



गेल्या आठवड्यात एका ताईंनी इथे ग्वाल्हेरच्या त्यांच्या माहेरच्या वाड्याबद्दल लिहिलं होतं. ते वाचून मलाही धीर आला. मी काही लेखक नाही. बी.कॉम. झालो आणि 38 वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. आयुष्यभर लिहिलं ते ऑडिटच्या आक्षेपांना उत्तरं आणि कर्जाच्या प्रकरणांवर शेरे. तेव्हा लिखाणात काही कमीजास्त असेल तर सांभाळून घ्या. लांब झालं आहे, पण सावकाश वाचा.

आमचं घराणं बडोद्याचं. पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून आलो आणि गायकवाडांच्या चाकरीला लागलो. घर बाबाजीपुऱ्यात. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, आणि भांडण झालं की दोन्ही. आजोबा संस्थानच्या हिशेब खात्यात कारकून होते. वडील शिक्षक. मी बँकेत. म्हणजे तीन पिढ्यांत कोणी बंदूक हातात धरली नाही, विमान चालवणं तर लांबच राहिलं. असं असूनही वयाच्या 72 व्या वर्षी मी इंग्लंडमध्ये एका टेबलावर चार स्पिटफायर विमानं गमावली, आणि त्यातून घरातली एक जुनी गोष्ट मला नव्यानं कळली. तीच सांगायची आहे.

माझी मुलगी कॉव्हेंट्रीला असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. नात तेव्हा 15 वर्षांची, नातू 11 चा. बर्मिंगहॅमला एनईसी म्हणून प्रचंड मोठं प्रदर्शन केंद्र आहे. तिथे दरवर्षी मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला यूके गेम्स एक्स्पो नावाचं टेबलावरच्या खेळांचं संमेलन भरतं. 2007 पासून चालू आहे. जावईबापूंनी सगळ्यांची तिकिटं काढली. मी म्हटलं, "अहो, मी काय करू तिथे? मला पत्त्यांत बदामसात येतो आणि फार तर कॅरम." नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही फक्त डाइस टाका, बाकी मी बघतो."

आत शिरलो आणि चाटच पडलो. आपल्याकडे नवरात्रात गरब्याच्या मैदानावर असते तशी गर्दी, फक्त सगळे बसलेले आणि हळू आवाजात बोलणारे! टेबलामागून टेबलं. पांढऱ्या दाढीचे आजोबा आणि शाळकरी पोरं एकाच पटावर वाकलेली. कोणी कोणाला "हे काय लहान मुलांसारखं" असं म्हणत नव्हतं. ते मला फार आवडलं.

एका टेबलावर निळ्या-हिरव्या कापडावर समुद्रकिनारा रंगवलेला होता आणि त्यावर बोटाएवढी विमानं पारदर्शक दांड्यांवर उभी होती. नातू तिथेच थांबला. खेळाचं नाव ब्लड रेड स्काइज. नॉटिंगहॅमच्या वॉरलॉर्ड गेम्सनं 2018 साली काढलेला, अँडी चेंबर्स यांनी रचलेला. टेबल सांभाळणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, निवृत्त इंजिनियर. त्यांनी आम्हां पाचही जणांना बसवलं. एका बाजूला मी आणि नातू, आमच्याकडे सहा स्पिटफायर. समोर मुलगी, नात आणि आमच्या सौ., त्यांच्याकडे सहा जर्मन फोक-वुल्फ 190. जावईबापू फोटो काढायला उभे.

खेळ मला पटकन कळला, कारण त्याचं मूळ तत्त्व बँकेतल्या माणसाला कळण्यासारखंच आहे. प्रत्येक विमानाची दांडी वरून हलते. नाक वर केलं की ते विमान वरचढ, आडवं असलं की बरोबरीत, नाक खाली असलं की अडचणीत. आकाशातल्या लढाईत उंची आणि वेग हीच पुंजी. ती हाताशी असेल तर खर्च करून वळता येतं, झेपावता येतं. खर्च केली की नाक खाली. आणि नियम असा की स्वतःपेक्षा खालच्या अवस्थेत असलेल्या शत्रूवरच गोळी झाडता येते. म्हणजे आधी समोरच्याला अडचणीत आणायचं, मग मारायचं. वैमानिकाच्या कौशल्याला आकडा असतो. ज्याचा आकडा मोठा तो आधी चाल करतो. गोळी झाडताना फासे टाकायचे, सहा पडला की लागली. समोरच्यानंही चुकवण्यासाठी फासे टाकायचे.

याशिवाय 'बूम' नावाच्या चकत्या असतात. मार बसला की आपल्या बाजूला एक चकती येते. कधी विमान वाचतं, पण चकती येतेच, कारण वैमानिक हादरलेला असतो. आणि ज्या बाजूच्या चकत्या तिच्या उरलेल्या विमानांपेक्षा जास्त झाल्या, तिने मैदान सोडून घरी जायचं. शेवटचं विमान पडेपर्यंत लढायचं नाही. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "म्हणजे देणं मालमत्तेपेक्षा जास्त झालं की दिवाळं." ते खूप हसले. म्हणाले, इतकी वर्षं मी हा नियम समजावतोय, इतक्या थोडक्यात कधी जमला नाही.

हे खेळ म्हणजे नुसती करमणूक आहे असंही नाही बरं का. 1942 साली लिव्हरपूलमध्ये ब्रिटिश नौदलानं एक पथक उभारलं होतं. कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण मुली जमिनीवर चौकटी आखून, खडूनं रेघा मारून जर्मन पाणबुड्यांविरुद्धचे डाव खेळत. त्यातून निघालेल्या युक्त्या अटलांटिक महासागरात खरोखर वापरल्या गेल्या. पटावर हरणं स्वस्त पडतं, म्हणून आधी पटावर हरावं, हा त्यातला विचार.

तर त्या दिवशीचा प्रसंग होता दिएप. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं बंदर. 19 ऑगस्ट 1942 रोजी दोस्तांचे सुमारे 6,000 सैनिक तिथे उतरवले, त्यातले जवळजवळ 5,000 कॅनडाचे. दुपारपर्यंत सगळा डाव फसला. कॅनडाचे 900 हून अधिक जवान गेले आणि 1,900 च्या वर कैद झाले. वर आकाशातही ब्रिटिशांची शंभराच्या आसपास विमानं पडली, जर्मनांची त्याच्या निम्मी. फोक-वुल्फ 190 हे नवीन जर्मन विमान तेव्हाच्या बहुतेक स्पिटफायरना भारी पडत होतं.

खेळ सुरू झाला. आमचा नातू शूर, पण घाईचा. पहिल्याच चालीत त्यानं दोन विमानांची सगळी उंची खर्चून झेप घेतली आणि दोन्हींची नाकं खाली. समोर सौ. बसलेली. तिनं आयुष्यात कधी युद्धाचा सिनेमासुद्धा पाहिला नाही, पण चाळीस वर्षं मुलांशी आणि नातवंडांशी लुडो खेळलेला हात. फासे टाकले, सहा, सहा आणि चार. माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुमचं ते पडलं ना?" पडलं होतं.

आम्ही बडोद्याहून नेलेला लीलो चिवडा पिशवीत होता. सौ.नं तो मध्यंतरात काढला. गृहस्थांनी आधी मोठ्या अदबीनं सगळ्यांना हात पुसायला कागद दिले, मग स्वतःही मूठभर घेतला. हे कुठलं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "आमच्या गावचं. बडोदा. तुम्हाला माहीत नसेल, गुजरातमध्ये आहे."

ते चिवडा खाता खाता थांबले. म्हणाले, "बडोदा? म्हणजे 124 स्क्वॉड्रन?"

मला काही अर्थबोध होईना. मग त्यांनीच सांगितलं. ब्रिटिश हवाई दलाच्या 124 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचं पूर्ण नावच 'बडोदा स्क्वॉड्रन' होतं. बडोद्याच्या महाराजांनी युद्धासाठी देणगी दिली, म्हणून तिला हे नाव. मे 1941 मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला कॅसलटाउन येथे ती पुन्हा उभारली गेली, स्पिटफायर विमानांसह. तिच्या चिन्हात मुंगूस आहे, आणि ब्रीदवाक्याचा अर्थ साधारण असा की संकट हीच आमची संधी. पुढे तिच्याकडे फार उंचीवर उडण्यासाठी बनवलेलं स्पिटफायरचं सहावं मॉडेल आलं. त्याची वैमानिकाची खोली हवाबंद होती आणि वरचं झाकण नेहमीसारखं सरकवून उघडता येत नसे. आणि ती स्क्वॉड्रन दिएपच्या दिवशी आकाशात होती.

"म्हणजे," ते आमच्या पडलेल्या विमानांकडे बोट दाखवून म्हणाले, "ही तुमची सुद्धा असू शकतात."

मंडळी, माझं वय 72. जन्म, शिक्षण, नोकरी सगळं बडोद्यात. सयाजीराव महाराजांवर मी तासभर बोलू शकतो. सक्तीचं प्राथमिक शिक्षण, ग्रंथालयं, आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती, 1908 साली निघालेली बँक. पण आमच्या गावाच्या नावानं युरोपात विमानं उडली हे मला बर्मिंगहॅममध्ये एका अनोळखी माणसाकडून, चिवडा खाताना कळलं. सयाजीराव महाराज फेब्रुवारी 1939 मध्ये गेले होते. युद्ध झालं ते नातू प्रतापसिंहरावांच्या कारकिर्दीत.

नातू तर खुर्चीवरून उठलाच. "आजोबा, ही आपली विमानं आहेत!" त्यानंतर तो जरा जपून खेळायला लागला. आपलं म्हटलं की माणूस जपतो.

तेवढ्यात नातीनं विचारलं. ती शाळेत इतिहास शिकत होती आणि विचार करून बोलणारी मुलगी आहे. म्हणाली, "आजोबा, पण 1942 म्हणजे क्विट इंडिया ना? मग तेव्हा आपण कुणाच्या बाजूला होतो?"

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण या एका प्रश्नावर आमच्या घरात बावीस वर्षं बोलाचाली बंद होती.

खेळ आम्ही हरलो. आमच्या सहांपैकी चार विमानं पडली, दोन उरली, आणि चकत्या पाच झाल्या. नियमाप्रमाणे घरी जावं लागलं. गृहस्थांनी नातवाला एक जास्तीचं छोटं स्पिटफायर भेट दिलं. कॉव्हेंट्रीला परत जाताना गाडीत सगळे झोपले. मी जागा होतो.

आता घरची गोष्ट.

माझे वडील 1942 मध्ये 19 वर्षांचे, बडोदा कॉलेजात. 9 ऑगस्टला गांधीजींना अटक झाली आणि कॉलेज बंदच पडलं. वडील खादी घालायला लागले. आजोबा संस्थानचे नोकर. घरात ताण होताच. त्यात वडिलांना एक गोष्ट खुपत होती. 1940 मध्ये कचेरीत वर्गणी फिरली तेव्हा आजोबांनी लढाईच्या फंडाला दोन रुपये दिले होते. वडील म्हणत, "इंग्रजाच्या गोळ्यांना तुम्ही पैसे दिलेत." आजोबा उत्तर देत नसत.

18 ऑगस्ट 1942. बडोद्याहून विद्यार्थ्यांची एक तुकडी खेडा जिल्ह्यातल्या गावांत 'छोडो भारत'चा संदेश द्यायला गेली होती. आणंदजवळच्या अडास स्टेशनवर पोलिसांनी त्या निःशस्त्र मुलांवर गोळ्या झाडल्या. पाच तरुण गेले. बडोद्यातल्या जुन्या मंडळींना हे ठाऊक आहे, नवीन पिढीला फारसं नाही. हे अडास म्हणजे तेच, जिथे 1775 साली राघोबादादा आणि त्यांच्या मदतीला आलेले इंग्रज पेशव्यांच्या फौजेशी लढले होते. आपल्या लोकांची आणि इंग्रजांची गाठ तिथे एकदा आधीही पडली होती.

वडील त्या तुकडीत नव्हते. पण ते 17 तारखेपासून घरी नव्हते. पत्रकं छापायच्या कामात एका मित्राच्या घरी माळ्यावर बसले होते, आणि घरी सांगून गेले नव्हते. अडासची बातमी शहरात आली तेव्हा आजी देवापुढे बसली ती उठलीच नाही. 19 तारखेला रात्री वडील मागच्या दारानं घरात आले. आजी रडली. आजोबा कंदिलाशी बसून रोजचा हिशेब लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. लिहून झालं, वही मिटली आणि झोपायला गेले.

वडील ही गोष्ट आम्हाला सांगत तेव्हा दरवेळी एकच वाक्य शेवटी येई. "मी जिवंत आलो, आणि बाप दुधाचा हिशेब लिहीत होता." पुढे ते नोकरीसाठी पेटलादला गेले. सणावाराला घरी येत, आईशी बोलत, वडिलांशी नाही. आजोबा 1964 मध्ये गेले तोवर हे असंच चाललं. वडील 1998 मध्ये गेले. मनातली ती अढी तशीच घेऊन गेले.

आता मी नातीच्या प्रश्नाला काय उत्तर देणार? आजोबांच्या खात्यावर बघितलं तर आम्ही स्पिटफायरच्या बाजूला. वडिलांच्या खात्यावर बघितलं तर अडासच्या बाजूला. आणि तारखा पाहा. 18 ऑगस्टला बडोद्याची मुलं इंग्रज सरकारच्या गोळीनं पडली. 19 ऑगस्टला बडोद्याचं नाव घेतलेली विमानं त्याच सरकारसाठी दिएपवर लढत होती. एका दिवसाचा फरक.

भारतात परतलो ते हेच डोक्यात घेऊन. पहिलं काम केलं ते माळ्यावरची पेटी खाली काढण्याचं. आजोबांच्या कीर्दी त्यात होत्या. कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, नव्या मुलांसाठी सांगतो. त्या वह्या मोडीत आहेत. वडिलांना मोडी येत नव्हती, त्यांच्या वेळेपर्यंत शाळेत बाळबोध आणि गुजरातीच होती. मलाही येत नव्हती. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून मोडीचा वर्ग केला, तेवढंच भांडवल. आजोबांचं अक्षर बरीक, शाई उडालेली. एकेक पान लावायला अर्धा तास.

1940 च्या वहीत नोंद सापडली. "लढाई फंड, कचेरी मारफत, रु. 2." मग मी बँकेच्या सवयीनं हिशेब मांडला. लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या विमान उत्पादन खात्यानं तेव्हा लोकांना सांगितलं होतं की 5,000 पौंड द्या, एक स्पिटफायर तुमच्या नावाचं. रुपयाचा दर 1 शिलिंग 6 पेन्स ठरलेला, म्हणजे पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. एका विमानाचे झाले 66,666 रुपये 10 आणे 8 पै. आजोबांचा पगार महिना 35 रुपये. त्यांनी एक पैसाही न खाता सगळा पगार दिला असता तर एका विमानाला जवळजवळ 159 वर्षं लागली असती. त्यांच्या दोन रुपयांत विमानाचा एक खिळा तरी आला असेल का, देव जाणे. कचेरीत वर्गणीची यादी फिरते तेव्हा नाही म्हणणं काय असतं, ते मी नोकरीत पाहिलं आहे. मीही अशा याद्यांवर सह्या केल्या आहेत.

हे फक्त बडोद्याचं नाही. हैदराबादकरांनो, तुमच्या निजामानं तर पहिल्या महायुद्धातच, 1918 साली, ब्रिटिशांच्या 110 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला विमानं भेट दिली होती. तिचं नावच हैदराबाद पडलं. दुसऱ्या युद्धात 152 आणि 253 या स्क्वॉड्रनही हैदराबादच्या नावाच्या. 129 म्हैसूरची. 122 आणि 132 मुंबईच्या नावाच्या. नाव पडलं ते पैशावरून. आणि पैसा राजाच्या खजिन्यातून गेला असं म्हटलं तरी खजिन्यात तो शेतसाऱ्यातूनच आला असणार. तेव्हा त्या नावांत आपल्या पणजोबांचा थोडाबहुत वाटा आहे, त्यांनी मान दिला असो वा नसो.

मग 1942 ची वही काढली. ऑगस्ट लावायला तीन दिवस लागले. 17 तारखेला दूध, भाजी, कंदिलाचं तेल. 18 ला दूध. बाकी काही नाही, भाजीही नाही. आणि 19 तारीख. दूध दोन आणे. त्याखाली एक ओळ.

"चि. बाळ घरी आला."

समोर रकमेच्या रकान्यात काही नाही. कोरा.

मंडळी, मी 38 वर्षं वह्या तपासल्या. रकमेशिवायची नोंद म्हणजे आमच्याकडे चूक. पण आजोबांच्या पंचवीस वर्षांच्या कीर्दींत मी आतापर्यंत जेवढी पानं लावली, त्यात अशी दुसरी नोंद मला मिळालेली नाही. माझी मुंज तर सोडाच, स्वतःच्या आईच्या मृत्यूच्या दिवशीही त्यांनी फक्त लाकडांचा आणि भटजींच्या दक्षिणेचा खर्च लिहिला आहे. हा माणूस कागदावर भावना लिहिणारा नव्हता. त्या रात्री कंदिलाशी बसून ते दुधाचा हिशेब लिहीत होते हे वडिलांनी पाहिलं, ते खरंच. पण दुधाच्या खालची ओळ त्यांनी पाहिली नाही. आणि पाहिली असती तरी त्यांना वाचता आली नसती.

ती वही छप्पन वर्षं त्याच घरात होती, ज्या घरात वडील सणाला यायचे आणि शेवटी निवृत्त होऊन राहिले. पेटी त्यांच्या पलंगाच्या वरच्याच माळ्यावर. मी मोडी वीस वर्षं आधी शिकलो असतो तर? या विचारानं मला दोन रात्री झोप लागली नाही. सौ. म्हणाली, "आता ते दोघं वर असतील तिथे कळलं असेल. तुम्ही झोपा." तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो.

मी त्या पानाचा फोटो नातीला पाठवला आणि सगळं सविस्तर लिहिलं. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की आपल्या घरात दोन्ही बाजू होत्या, एकाच ओसरीवर. दोघांनीही जमेल ते केलं. एकानं नोकरी सांभाळून घर चालवलं, त्या घरातल्या भाकरीवरच दुसऱ्यानं पत्रकं छापली. हिटलरचा पाडाव व्हायला हवा होता, ते योग्यच होतं. आणि इंग्रजानं जायला हवं होतं, तेही योग्यच होतं. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एक खोडून दुसरी लिहायची गरज नाही. बेरीज जुळत नाही म्हणून वही फाडायची नसते.

तिचं उत्तर आलं, "आजोबा, मला मोडी शिकवाल का?" सध्या दर रविवारी भारतीय वेळेनं संध्याकाळी साडेसहाला आमचा वर्ग असतो. 'क' आणि 'फ' मध्ये अजून गोंधळ होतो तिचा. माझाही होतो.

स्क्वॉड्रनचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण अर्धवट हिशेब ठेवणं मला जमत नाही. 1945 च्या सुरुवातीला बडोदा स्क्वॉड्रनच्या विमानांनी हॉलंडमधल्या जर्मन व्ही-2 रॉकेटच्या तळांवर बॉम्ब टाकले. ती रॉकेट लंडनवर पडत होती. मग तिला मिटिऑर ही जेट विमानं मिळाली. 1 एप्रिल 1946 ला तिचा क्रमांक बदलून 56 झाला आणि बडोद्याचं नाव गेलं. तीन वर्षांनी, 1 मे 1949 ला, बडोदा संस्थानही मुंबई राज्यात विलीन झालं. आजोबांची कचेरी गेली, पेन्शन मात्र चालू राहिलं.

नातवाला भेट मिळालेलं ते स्पिटफायर आता आमच्या बाबाजीपुऱ्यातल्या घरी आहे. या दिवाळीत तो स्वतः घेऊन आला आणि पेटीवर ठेवून गेला. दांडीवर नाक वर करून.

शेवटी एकच विनंती. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, बडोदा असो, इंदूर असो, बेळगाव, ग्वाल्हेर, हैदराबाद असो, माळ्यावर अशा वह्या असतील. मोडीतल्या, वाळवी लागलेल्या. घर रीडेव्हलपमेंटला जातं तेव्हा त्या पहिल्यांदा रद्दीत जातात. कृपा करून देऊ नका. वाचता येत नसेल तर फोटो काढून ठेवा. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, थोडी आहेत पण आहेत. जमेल तेवढी पानं लावून द्यायला मीही तयार आहे, फी नाही.

आणि कुणाच्या घरी 1940 ते 45 मधली लढाई फंडाची पावती, किंवा अडासला गेलेल्या मुलांपैकी कुणाची आठवण असेल, तर जरूर लिहा. कुठल्या बाजूची आहे याची काळजी करू नका.

आपला,
एक बडोदेकर